उंदरांचे मार्क

पीएच.डी.ची तीन वर्षं मी उंदरांना पक्षाघात घडवून आणण्यात आणि ते त्यातून किती सावरतात हे पाहण्यात घालवली. गोंदियातल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला प्राणीघर होतं. तिथं मी उंदराला भूल द्यायचे आणि मानेतल्या रक्तवाहिनीतून नायलॉनचा बारीक धागा मेंदूकडे सरकवायचे. रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा झपकन खाली आला की समजायचं, मेंदूच्या उजव्या भागाला जाणारं रक्त कमी झालं. ठरल्या वेळेनं धागा काढून टाके घालायचे. मग काही उंदरांना मी तपासत होते त्या पानांचा अर्क मिळायचा, काहींना नुसतं मिठाचं पाणी.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. शेपटीनं अलगद उचलला की धडधाकट उंदीर पुढचे दोन्ही पाय जमिनीकडे लांब करतो. त्याला शून्य मार्क. डावा पाय छातीशी आखडून घेतला तर एक, चालताना डावीकडेच गोल फिरला तर दोन, डावीकडे कोलमडला तर तीन आणि चालणंच बंद झालं तर चार.

प्राणीघर सांभाळणारे काका सालेकशाकडचे. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, पिंजऱ्यांतलं धानाचं तूस बदलायचे, बाटल्या भरायचे. घरी थोडी शेती आणि दोन म्हशी. पहिल्याच दिवशी माझ्या हातातला धागा पाहून म्हणाले, "हा त मासोळ्या धरायच्या गरीचा तार होय!" होताच तसा. बाजारात गळ आणि जाळी विकणाऱ्याकडूनच मी तो आणला होता.

उलटे मार्क त्यांना कधी पटले नाहीत. "शून्यवाला पास अन् चारवाला नापास? कोन्या शाळेत असते असं?"

एका दुपारी मी एका उंदराची परीक्षा घेतली आणि वहीत 'एक' लिहिलं. मागं काका तूस भरत होते.

"मॅडम, खोटं काऊन लिहून राहिल्या?"

"काय खोटं?"

"हा गोल फिरून राहिला ना. सकाळी निळ्या शेपटीचा असाच फिरला, त त्याले तुमी दोन देले. ह्याची शेपटी लाल हाय म्हणून एक?"

लाल खूण म्हणजे औषधवाले उंदीर, निळी म्हणजे मिठाच्या पाण्यावरचे. माझा पारा चढला. "काका, तो फिरत नाही, नुसता वळतोय. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मले औषधातलं नाई कळत. पण फिरणं कोनतं अन् वळणं कोनतं, ते कळते."

मी वही आपटली आणि तडक घरी निघून आले. पण जेवण गोड लागेना. प्रत्येक उंदराचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये असायचा. मी दिवाणावर बसले, शेपटीचा रंग दिसू नये म्हणून पडद्यावर अंगठा धरला आणि एकेकाला नव्यानं मार्क देत गेले. मग जुनी वही उघडून ताडून पाहिलं. निळ्यांचे मार्क बहुतेक तेच आले. लाल शेपटीवाल्यांना मात्र मी कितीतरी ठिकाणी एकेक मार्क कमी दिला होता. मुद्दाम नव्हे. औषध लागू पडावं असं मला इतकं वाटत होतं की डोळे आपणहून माया करत होते. एकटीच बसले होते, तरी कान तापले.

सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगून टाकलं. रागावतील म्हणून मी खाली मान घालून उभी होते.

"मार्क तुझी मैत्रीण देणार होती ना?" त्यांनी विचारलं.

"तिला नागपुरात नोकरी लागली सर. म्हणून मीच..."

"मग आता रंग बंद. शेपटीवर आकडे लिहायचे आणि कोण औषधवाला, कोण पाणीवाला ती यादी माझ्या कपाटात. सुरुवात पहिल्यापासून." वर हसून म्हणाले, "आणि तुला पकडणाऱ्या त्या काकांनाही मार्क द्यायला बसव."

मी काकांकडे गेले. "काका, काल माझं चुकलं. तुमचंच बरोबर होतं."

"मी त तवाच सांगतलं," ते म्हणाले आणि बाटली धूत राहिले. एवढ्यावर विषय मिटला.

पुढं आम्ही दोघं वेगवेगळे मार्क द्यायचो आणि जेवणाच्या सुट्टीत कागद शेजारी ठेवायचो. जमायचं नाही तिथं व्हिडिओ लावायचो. बहुतेक वेळा काकाच बरोबर निघायचे. ते मला शिकवायचे, "पहिला पाय कोनता टाकते ते पाहा, बाकीचं मंग."

शेवटी मेंदू तपासायला उंदीर मारावे लागतात. त्या दिवशी काकांनी सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी आले आणि रिकामे पिंजरे बराच वेळ धूत बसले.

सरांनी कपाटातली यादी काढली. औषध लागू पडलं होतं, पण माझ्या पहिल्या वहीत दिसत होतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. क्षणभर वाईट वाटलं, मग एकदम हलकं वाटलं. जेवढं होतं तेवढं तरी खरं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "दुसरे निरीक्षक कोण?" सरांनी काकांना बोलावून घेतलं. ते ओले हात पँटला पुसत आले.

"आजारी उंदीर कसा ओळखता?" परीक्षकांनी विचारलं.

काकांनी डावा हात छातीशी आखडला आणि टेबलापुढं डगमगत डावीकडेच गोल दोन फेऱ्या मारल्या. सगळा हॉल हसायला लागला.

"याला किती मार्क?" परीक्षकांनी हसू दाबत विचारलं.

"दोन. तीन पाहिजेत त पडून दाखवा लागन."

मला डॉक्टरेट मिळाली. बाहेर गरम समोसे मागवले. काकांनी दोन खाल्ले, दोन घरी न्यायला कागदात बांधून घेतले आणि म्हणाले, "उद्या मी येत नाई. रोवणी हाय."

"मीही येऊ का?"

"या ना. हात कमीच पडून राहिले."

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी होते. काकूंनी धानाच्या रोपांची जुडी माझ्या हातात दिली. मी मन लावून ओळ लावली आणि मागं वळून पाहिलं, तर ती नागासारखी वळसे घेत गेली होती. बांधीतल्या बायका कमरेवर हात ठेवून हसत होत्या. काकूंनी माझी सगळी रोपं उपटली आणि माझ्याच हातात परत दिली.