गोळ्यांचा रकाना

थोरलीने सकाळीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दुपारी रुग्णालयाच्या लोकांना औषधवाटपाचा प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तो फसला तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार, आणि नव्यानेच नोकरीला लागलेल्या थोरलीला घरी बसावं लागणार.

डॉक्टरांनी चार गोळ्या लिहिल्या तरी पडद्यावर एकच दिसत होती.

"काल दुरुस्त केलंस ना?" आईने दाराआडून विचारलं.

"केलं गं! रात्रीत पुन्हा जैसे थे."

डेटाबेसमधले रकाने पाहून 'जावा' भाषेतला कोड 'जनरेटर' नावाचा एक प्रोग्राम आपोआप लिहायचा. गोळ्यांचा रकाना एक अंकी. एवढ्याशा रकान्यात फक्त 'हो' किंवा 'नाही' असणार, असा त्याचा समज. चार गोळ्या म्हणजे 'हो', आणि 'हो' म्हणजे एक! टीममधले सगळे तो तयार कोड हाताने सुधारायचे. कुणी जनरेटर चालवला की सुधारणा पुसली जायची.

"बाईसाहेब, आजच्यापुरतं हाताने बदला," टीमचे प्रमुख फोनवर म्हणाले.

"सर, गळतंय छप्पर आणि आपण फरशी पुसतोय."

"चढा मग छपरावर. पडलात तर मला हाक मारू नका!"

तिने जनरेटरच्या सेटिंगमध्येच नियम घातला: एक अंकी रकाना म्हणजे संख्या. झालं, 'रुग्ण दाखल आहे का' याचंही उत्तर 'हो'ऐवजी 'एक' येऊ लागलं. तिने कपाळावर हात मारला, नियम फक्त गोळ्यांच्या रकान्यापुरता केला, आणि कोडमध्ये जिथे चुकीच्या लाल खुणा उमटल्या त्या एकेक करून निस्तरल्या.

दुपारी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना पडद्यावर चार गोळ्या दिसल्या. मुख्य परिचारिका म्हणाल्या, "छान. पण गोळी जेवणाआधी की नंतर, तो रकाना कुठाय? आत्ता घालता येईल?"

प्रमुखांचा चेहरा पडला. नवा रकाना म्हणजे पुन्हा जनरेटर!

"घालते की," थोरली म्हणाली. सगळ्यांच्या देखत तिने रकाना जोडला आणि जनरेटर चालवला. पडदा क्षणभर कोरा झाला. मग 'जेवणानंतर' उमटलं, आणि शेजारी गोळ्या चारच्या चार!

"आमच्या वॉर्डात हे कधी सुरू करताय?" परिचारिकांनी विचारलं.

"म्हणाल तेव्हा!" प्रमुख छाती फुगवून म्हणाले. "आणि अडलंच काही, तर या बाईसाहेब आहेतच. आता त्या आमच्याकडे कायम."

दाराआडून आई ओरडली, "काय म्हणाले? कायम म्हणाले ना?"

माइक चालूच होता. पडद्यावरचे सगळे एका सुरात म्हणाले, "हो, आई!"