उजव्या हाताचा बैल

परदेशात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये, तंबूत, मी लहान मुलांचे हात दुरुस्त केले आहेत, हे त्या काळी मी दर दहा मिनिटांनी कुणाला तरी ऐकवत असे. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाजवळच्या एका आश्रमशाळेत मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर भरलं, तेव्हा माझी कॉलर ताठ होती. शाळेला उन्हाळी सुट्टी होती. पाचवीच्या वर्गाचं ऑपरेशन थिएटर केलं होतं आणि फळ्यावर कुणीतरी 'सतरा सक एकशेबारा' लिहून ठेवलं होतं. तीन दिवस मी तो चुकीचा पाढा बघत बोटं शिवली. हातमोजे निर्जंतुक, त्यामुळे पुसताही येईना.

तिथे एक म्हातारा सात वर्षांच्या नातीला घेऊन आला. रांगत्या वयात तिचा उजवा हात उकळत्या पेजेच्या पातेल्यात पडला होता. बोटं तळव्याला चिकटून मूठ कायमची मिटली होती.

"हात कशाला हवाय गं?" मी विचारलं.

"तान्ह्या पोळ्याले पायजे," ती म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांचा लाकडी नंदी ओढत दारोदार हिंडतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ, गोळा करतात. तिला नंदीची दोरी उजव्या हातात धरायची असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. तिला विचारायची गरज मला वाटली नाही. माझी कॉलर ताठ होती ना.

मूठ सोडवली, मांडीची कातडी तळव्यावर लावली, बोटांत तारा घातल्या. तीन आठवड्यांनी तारा काढल्या तर हात सरळ, अगदी पोळपाटासारखा. आता बोटं वाकेनात. दुखतं म्हणून ती हात पोटाशी धरून बसायची. मी आज्याला स्पष्ट सांगितलं, पोळ्यापर्यंत हा हात चालला नाही तर बोटं पुन्हा आखडतील आणि सगळं पाण्यात जाईल.

दर रविवारी मी गोंदियाहून त्या शाळेत जायचो. दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिने शेळीला दिला. पीठ मळायला दिलं, तर डाव्या हाताने मस्त मळलं. शेवटी आजा वैतागून म्हणाला, "डाक्टर, खेळणे कायले देऊन राहिले? पोरगी बैलावाल्याची हाये. तिले बैल द्या."

दुसरा बैल उपलब्ध नव्हता. मी शाळेच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर आणि हातांवर उतरलो, बँडेजचा कासरा गळ्यात घातला आणि टोक तिच्या उजव्या हातात दिलं. नियम असा की उजव्या हाताने ओढलं तर बैल चालणार, डाव्याने ओढलं तर बसणार. पहिल्या रविवारी बैल बहुतेक बसूनच होता.

आज्याने आयुष्यभर बैलबाजार पालथे घातलेले. तो खांबाला टेकून माझी पारख करायचा.

"चाल बरी नाई. मागचा डावा पाय ओढून राहिला."

"गुडघा दुखतो हो," मी म्हणालो.

"मंग बाजारात काऊन आनला?" असं म्हणून त्याने माझी हनुवटी वर केली आणि खरोखर दात पाहिले. नेमकी तेव्हाच माझ्याबरोबर येणारी सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली. पुढच्या रविवारी तिने मला हिरवा चारा आणून ठेवला.

हळूहळू बोटं वाकू लागली. मला ओढताना ती रडायची, मग शिव्या द्यायची, मग रडत शिव्या द्यायची. माझे गुडघे सोलून निघाले.

तान्ह्या पोळ्याला मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो आणि आज्याच्या ओट्यावर खाऊची पिशवी घेऊन बसलो. पोरांची रांग आली. ती चौथी होती. नंदीला झूल, शिंगांना बेगड, आणि दोरी डाव्या हातात.

माझं तोंड पडलं. दोन महिने मी बैल झालो तो कशासाठी? रागच आला.

"दोरी डाव्या हातात काऊन?" मी ओरडलोच.

"मंग बोजारा कोन्या हातानं घेऊ?" ती म्हणाली. "मागच्या साली डावा हात केला तं एका बाईनं लाडू वापस डब्यात टाकला." आणि तिने उजवा हात माझ्यापुढे पसरला.

पूर्ण उघडा तळवा, मधोमध मांडीच्या कातडीचं ठिगळ. मी त्यावर चॉकलेट ठेवलं. एकेक करून पाचही बोटं मिटली आणि चॉकलेट दिसेनासं झालं.

माझ्यातला डॉक्टर गप्प बसेना. "आता मूठ उघडून दाखव."

"कायले? तुमी वापस घेऊन घ्याल!" तिने मूठ पाठीमागे लपवली आणि नंदी ओढत पुढच्या दारी पळाली.

आज्याने वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अरे, बैल रडून राहिला," तो म्हणाला.