हमरापूरच्या टँकमधले सोनेरी दगड

"पंप चालू आहे का?"

"चालू हाय."

"हात घालून सांगा, पाणी गरम झालंय?"

"थंडगार हाय, ताई. पन तुमचं मासं वर येऊन तोंड वासतायत."

फोनवर होते हमरापूरचे जनूशेठ, गणपतीच्या कारखान्याचे मालक. मी रोह्याची. घरगुती फिशटँक बसवून देते, त्यांची सर्व्हिसिंग करते. शेठच्या टँकमध्ये मी आठ हिलस्ट्रीम लोच सोडले होते. डोंगरातल्या ओढ्याचे हे चपटे मासे. जोराच्या प्रवाहात दगडाला पोटाने चिकटून राहतात आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. म्हणून दगड मी आधी दोन महिने उन्हात, पाण्यात ठेवून शेवाळवले होते.

हा मासा दगड सोडून वर येतो तेव्हा त्याला ऑक्सिजन कमी पडत असतो. पण पंप चालू, पाणी थंड. फोनवर काही कळेना. माझ्या टँकमधलं दोन बादल्या पाणी आणि बॅटरीवरचा एअरपंप घेऊन मी गाडी काढली.

टँक पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. दगड सोनेरी होते. काही गुलाबी, एक मोरपंखी, त्यावर चकचकीत खडे. पाण्यावर तेलकट तवंग. दोन मासे तळाशी उलटे पडलेले.

"हे कोणी केलं?"

"आपला डोळं आखनारा कारागीर हाय ना, त्यानं. काय हात हाय बगा!"

"दगड घासू नका असं बजावलं होतं मी."

"घासलं कुठं? हिरवं घान दिसत व्हतं, पावनं येनार व्हते. भायेर काडून रंग मारला, सुकवला, परत ठेवलं. ऑइल पेंट हाय, पक्का."

आतून शेठच्या बायकोचा आवाज आला, "मी बोलले व्हते, बाईंना इचारा. माझं ऐकतंय कोन!"

"शेठ, ते शेवाळ त्यांचं जेवण होतं. तुम्ही जेवणावर रंग फासलात. आणि या तवंगातून हवा पाण्यात जाणार कशी?"

"येवड्याशा माशासाठी किती आवाज करताय!"

"तुमच्या ओल्या रंगाच्या मूर्तींवर मी बादली ओतते. मग बघू तुमचा आवाज."

मी सहा जिवंत मासे जाळीने बादलीत घेतले, पंप लावला आणि निघाले. वडखळला गाड्या तुंबलेल्या. तिथेच एक मेला. क्लचवर पाय ठेवून मी बादलीत बघत होते आणि शिव्या देत होते. अर्ध्या शेठला, अर्ध्या स्वतःला. घासू नका म्हणाले, पण का, ते सांगितलंच नव्हतं. त्या माणसाचा जन्म मूर्ती रंगवण्यात गेलेला. त्याच्यासमोर ओबडधोबड हिरवा दगड ठेवून मी निघून आले होते.

उरलेले पाच जगले. आठवड्याने पुन्हा दगडाला चिकटून खायला लागले. शेठचा फोन आला, "टँक धुऊन ठेवलाय, द्या की आता."

"नाही देणार."

"आवो, गिऱ्हाईक हाय मी तुमचा!"

"होतात," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता नवीन टँक लावला की मी घरातल्या सगळ्यांना समोर बसवते. मासा दगडावरून खाताना दाखवते, मगच निघते. अर्धा तास जास्त जातो. हमरापूरला टँक लावला त्या दिवशी मी तो अर्धा तास वाचवला होता.