शून्य दारापाशी

बाई वर्गात शिरण्याआधी दारामागे डोकावून बघायच्या आणि कडीवर दोनदा टिचकी मारायच्या. पाल असलीच तर तिने पळून जावं म्हणून. "मी लई भित्री हाय सर, आदीच सांगून ठेवते," हे त्यांनी मला रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मलकापूरपासून आत, उसाच्या आणि भाताच्या शेतांमधली आमची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बाई मूळच्या कोडोलीच्या. मिस्टर नोकरीला जयसिंगपूरला, म्हणून मलकापुरात खोली घेऊन एकट्या राहायच्या. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमधून यायच्या तेव्हा दांडी इतकी घट्ट धरून बसायच्या की उतरताना बोटं सोडवावी लागत. विजेला भ्यायच्या, कुत्र्याला भ्यायच्या, तपासणीला येणाऱ्या साहेबांना तर फारच. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसायचो.

पण सगळ्यांत जास्त त्या गणिताला भ्यायच्या. लहानपणी सात अधिक पाच आलं नाही म्हणून गुरुजींनी पट्टीच्या कडेने बोटांवर मारलं होतं. "अजून बेरीज समोर आली की पोटात गोळा येतोय," त्या म्हणायच्या. "माझ्या पोरांच्या पोटात न्हाय येऊ द्यायचा."

म्हणून त्यांनी संख्यारेषा फळ्यावरून अंगणात आणली. वर्गाच्या दारापासून फाटकापर्यंत चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ. दारापाशी शून्य, फाटकापाशी वीस. तीनवर उभं राहायचं, चार उड्या मारायच्या आणि कुठे पोचलो ते ओरडून सांगायचं. "पाटीवरचा आकडा कुठनं आला कळत न्हाय," बाई म्हणायच्या. "हितं कळतंय की. आपल्याच पायानं आलो."

पालकांना ते पटेना. एक आजोबा येऊन म्हणाले, "बाई, पोरगं शाळंत उड्या मारायला धाडलंय व्हय?" बाई घाबरून माझ्यामागे उभ्या राहिल्या, पण रेघ पुसली नाही. दिवाळीपर्यंत पहिलीची पोरं वीसपर्यंतची बेरीज बोटं न मोजता करू लागली. गौरी नावाची एक पोर वर्गात तोंडच उघडत नसे. तीसुद्धा उडी मारून आकडा सांगायला लागली, अगदी हळू आवाजात.

ऊसतोड सुरू झाली तेव्हाची गोष्ट. उसाचे फड मोकळे होऊ लागले की आतली जनावरं बाहेर पडतात. त्या सकाळी बाई वजाबाकी शिकवत होत्या. दहा मुलं दोन, चार, सहा अशा आकड्यांवर उभी होती, तोंडं फाटकाकडे. बाई शून्यावर, उंबऱ्यापाशी. गौरी वीसवर. बाई म्हणतील तितकी पावलं मागं यायचं, असा खेळ.

मी चौथीला शुद्धलेखन घालत होतो. बाहेरचा गलका एकदम थांबला म्हणून खिडकीतून पाहिलं. उघड्या फाटकाबाहेर गवा उभा होता. काळाकभिन्न, पाय मात्र गुडघ्यापासून खाली पांढरे. गौरीपासून फार तर आठ-दहा हात. त्याच्या नाकपुड्या फुगत होत्या, त्याचा श्वास मला आत ऐकू येत होता.

मी माझ्या वर्गाच्या दाराकडे धावलो आणि कडी लावली. आत माझी अकरा मुलं होती, हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तेव्हा मला एकही मूल आठवत नव्हतं.

खिडकीशी परत आलो तेव्हा बाईंचा आवाज आला. कापत होता, पण रोजच्याच चालीत. "कुनी पळायचं न्हाई. तोंड तिकडंच. एक मागं." मुलं एक आकडा मागं आली. "आनी एक मागं." एकेक जण उंबऱ्याशी पोचलं की बाई हाताने आत ओढून घेत. असं करत नऊ मुलं आत गेली. गौरी हललीच नव्हती.

बाई उंबऱ्यावर होत्या. क्षणभर तशाच थांबल्या. गौरीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग बाई त्या रेघेवरून पुढे निघाल्या. न पळता, एकेक आकडा पुटपुटत, वीसपर्यंत. त्यांनी गौरीचा हात धरला आणि दोघी उलट पावलांनी यायला लागल्या. गव्याने खुराने माती उकरली. बाई थांबल्या, पुन्हा चालू लागल्या. दार लागल्याचा आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी तो अंगणात घुसला. पाण्याची टाकी पाडून, स्वयंपाकखोलीला वळसा घालून शेतात निघून गेला.

गावाने बाईंचा सत्कार ठरवला. त्या कार्यक्रमात गौरीच्या आईने त्यांचे पाय धरले, "बाई, तुमी व्हता म्हनून पोरगी हाय." बाई उठून मागे गेल्या आणि त्यांना उलटी झाली. पुढे त्या अंगणात पाऊल टाकेनात. उन्हाळ्यात त्यांनी जयसिंगपूरला बदली मागून घेतली.

मलकापूरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो होतो. गाडी लागली तरी त्या चढेनात.

"सर, समदी म्हनत्यात बाई धाडसी. माजा एक पाय आत हुता. हात दाराव हुता. मी दार लावणार हुते."

"पन लावलं न्हाई की, बाई."

"तिनं बघितलं नसतं तर लावलं असतं. मला ठावं हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता जनावराचं भ्या न्हाय वाटत. माजंच वाटतंय."

माझ्या ओठांवर आलं होतं. बाई, मी तर लावलीच होती कडी. कंडक्टरने घंटी वाजवली. त्या चढल्या, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि गाडी गेली.

त्याला आता दोन वर्षं झाली. अधूनमधून मी त्यांना फोन लावतो. "बोला की सर," त्या म्हणतात आणि थांबतात. मी पाऊसपाणी विचारतो, तिथल्या वर्गातल्या मुलांची चौकशी करतो आणि फोन ठेवतो.