मागच्या भिंतीचे पैसे

माझं अक्षर वाकडं आहे आणि काना-मात्रा चुकतात, वाचणाऱ्याने त्याचा राग मानू नये. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती पडलं तर म्हणून आधीच सांगून ठेवते.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही कारंज्यात भाड्याच्या खोल्यांच्या एका ओळीत, शेवटच्या खोलीत राहत होतो. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी लागली की दोन-दोन रात्री घरी नसत. खोलीसाठी फार फिरलो होतो. आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की “कालच दिली” असं ऐकायला मिळायचं. म्हणून ही मिळाल्यावर मी कधी तोंड उघडलं नाही. मालक जैन, राहायला अमरावतीला. भाडं न्यायला त्यांचे दिवाणजी यायचे. मी दाराआडून पैसे पुढे सरकवायची.

एका श्रावणात मागची मातीची भिंत बसली. मी तिथे बांबूचा तट्टा बांधला. पलीकडे रस्ता. जाणारी-येणारी माणसं बोलायची, खोकायची, आणि ती खोलीतच आहेत असं वाटायचं. आवाज सगळ्यांचे, पण माझ्याशी बोलणारं कोणी नाही. मी दिवा मालवून नुसती बसून राहायची.

दिवाणजींना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, पाऊस काय मालकानं पाडला? बांधून घ्या, भाड्यातून वळते करू.”

आईचे हातातले चांदीचे गोट सोनाराकडे गहाण ठेवून मी भिंत उभी करून घेतली. पुढच्या महिन्यात दिवाणजींनी पुरं भाडं मागितलं.

“मालकाचा निरोप नाही आला अजून. जमत नसंल तं खोली खाली करा.”

हे घरी आल्यावर म्हणाले, “जाऊ दे. आपल्याले दुसरी खोली कोन देऊन राह्यलं?” तेही खरंच होतं. गोट सोनाराकडेच राहिले.

वर्ष गेलं. भाद्रपदात पर्युषणासाठी मालक गावात आले. ते दिवस संपले की जैन लोक एकमेकांकडे जाऊन हात जोडतात, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. मालक आमच्या ओळीतही आले, मागे दिवाणजी. प्रत्येक दाराशी म्हणायचे, “माझ्याकडून, माझ्या माणसाकडून काही चुकलं असंल तर क्षमा करा.” आतून उत्तर यायचं, “आमचंबी चुकलं असंल, मालक.”

मग माझं दार. एवढा मोठा माणूस हात जोडून उभा. ‘क्षमा केली’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते खोटं झालं असतं.

“नाही केली,” मी दाराआडून म्हणाले.

शेजारणी आपापल्या दारांतून डोकावल्या. दिवाणजी हसले. “मालक, या बाईले बोलनं समजत नाही.”

मालक ओट्यावर टेकले. “काहून नाही केली, बाई?”

मी भिंतीचं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते दिवाणजींकडे वळले.

“कळवायचं राह्यलं, मालक,” दिवाणजी म्हणाले.

“मंग या ओळीचं भाडं जमा होईल तसतसे आधी बाईचे पैसे चुकते करा. तोवर माझी क्षमा बाकी हाय.”

मालक अमरावतीला परतले. शेजारणी मात्र बिघडल्या. “सणाच्या दिवशी दारचा माणूस तसाच धाडला,” त्या म्हणायच्या. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. आधी मी बोलत नव्हते, आता त्या बोलेनात. भिंत पक्की झाल्यापासून रस्त्यावरचे आवाजही येईनासे झाले होते. हे मुक्कामाला गेले की खोलीत फक्त स्टोव्हचा आवाज.

दिवाणजी थोडेथोडे पैसे आणून ओट्यावर ठेवायचे आणि निघून जायचे. दिवाळीच्या तोंडावर शेवटचे आणले, आणि त्या दिवशी गेले नाहीत, उभेच राहिले.

“मालकानं विचारलं हाय. आता तरी क्षमा केली का?”

“मोजू तं द्या,” मी म्हणाले.

पहिल्यांदाच मी दाराबाहेर येऊन ओट्यावर बसले, त्यांच्यासमोर नोटा मोजल्या. आधीचे धरून भिंतीचे सगळे पैसे फिटले होते. “मालकाले सांगा, केली,” मी म्हणाले.