डोंगरात गडद होत गेलेली मांजर

आमची मुलगी पुण्यात नोकरीला होती. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. दिवसकार्य झाल्यावर मी आणि बायको तिच्या भाड्याच्या खोलीवरचं सामान आणायला गेलो. कपडे, भांडी, गादी, सगळं बांधून झालं, तेव्हा घरमालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "सामान न्याल हो, पण या मांजरीचं काय?"

मांजर पलंगाखाली बसली होती. अंग सायीच्या रंगाचं, तोंड, कान, पंजे आणि शेपूट मात्र काळपट तपकिरी, डोळे निळे. तिला आम्ही फोनवर बघितलेलं होतं. आदल्या वर्षी मुलीनं ती एका मांजरं पाळणाऱ्या बाईंकडून आणली होती. सयामी जातीची, आईबापाच्या माहितीसकट. त्या दिवशी तिचा फोन आला होता, आनंदानं ओसंडून चालली होती.

"पप्पा, तुमचाच धडा आहे बघा. हिच्या आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही जनुकं तीच आली म्हणून हा रंग उतरला. एकच आलं असतं तर साधी मांजर दिसली असती."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला आनुवंशिकतेचा धडा असतो, त्यात मेंडेलचे वाटाणे असतात. मांजरीचं मला काही ठाऊक नव्हतं. तीच मला सांगत होती. या मांजरीच्या अंगात रंग तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, अर्धवट असतं, अंगाच्या उबेत ते चालतच नाही. जिथं कातडी थंड पडते, कान, नाक, पाय, शेपटी, तिथंच चालतं. म्हणून पिल्लं आईच्या पोटातून जवळजवळ पांढरी येतात आणि बाहेरची हवा लागली की हळूहळू टोकं काळी पडतात. "कसलं भारी आहे ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "भारीच आहे." आमचं नीट, लांबलचक असं शेवटचं बोलणं तेच.

मांजर आम्ही घेऊन आलो. घरमालकीणबाईंनी ठेवून घेते म्हटलं असतं, तरी बायकोनं ती सोडली नसती. मुलीनं तिला लाडाचं एक नाव ठेवलं होतं. ते नाव आमच्या घरात कुणीच तोंडातून काढलं नाही.

माझी शाळा वर डोंगरात, आहुप्याच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. शाळेमागेच खोल्या आहेत, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. घोडेगावहून येणारी एसटी धरणाच्या कडेकडेनं वर चढते, आणि वर पोचलं की हवा बदलते. चार महिने धुक्यात समोरचं झाड दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. त्या पावसाळ्यात बायको दिवसचे दिवस बोलायची नाही. भाकरी थापायची, मला वाढायची आणि मांजर मांडीवर घेऊन बसायची. तिच्या फोनमध्ये मुलीचा एक फोटो होता, मांजर गालाशी धरलेला. तो बघायची, मग मांडीवरच्या मांजरीकडे बघायची.

थंडीत वस्तीवरच्या कुत्र्यानं मांजरीला धरलं. जखम चिघळली, म्हणून आम्ही तिला घोडेगावला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कुशीवरचे केस भादरून टाके घातले. जखम भरली, पण त्या जागी जे नवे केस आले ते पार कॉफीच्या रंगाचे. फिकट अंगावर तेवढाच गडद डाग.

बायको घाबरली. "आवो, हिला काय झालं? जळल्यासारखं दिसतंय."

मी तिला समजावून सांगितलं. केस काढले की तिथली कातडी थंड पडते, मग तिथं रंग तयार होतो. मुलीनं मला जसं सांगितलं होतं तसंच, जवळजवळ तिच्याच शब्दांत. 

बायकोनं मांजर उलटी वळवली. मग म्हणाली, "आन् हिच्या पाठीवर बी काळं यायलंय, ते?"

तोवर मी नीट बघितलंच नव्हतं. उजेडात नेऊन बघितलं. सायीचा रंग गेला होता. पाठ मातकट झाली होती, खांद्यांवर तर तपकिरी छटा उतरली होती.

"थंडीनं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी आलो तर बायको मुलीच्या लोकरी स्वेटरची बाही कापत होती. कॉलेजला असताना तिनं स्वतः पसंत करून घेतलेला निळा स्वेटर. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं, काय करतेस हे!"

"घालायला कोण हाय आता?" ती मान वर न करता म्हणाली.

बाहीला पायांसाठी भोकं पाडून तिनं ती मांजरीला घातली. मांजर लाकडासारखी आडवी पडली, उठेना, खाईना. बायकोनं चुलीजवळ पोतं अंथरून तिला तिथं ठेवलं. हे कितीतरी दिवस चाललं. मांजर बाही दातांनी कुरतडून काढायची, बायको शिवून पुन्हा घालायची. बायकोच्या हातांवर ओरखडेच ओरखडे. शेवटी लोकरीचे नुसते धागे उरले, ते बायकोनं गोळा करून उशीखाली ठेवले.

मग तिनं माझ्यामागं लकडा लावला. "खाली जाऊ. गावाकडं लई ऊन असतं. हितं ही गोरी व्हायची न्हाई."

गाव म्हणजे निमगाव सावा. तिथं धाकटा भाऊ शेती बघतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मांजरीला टोपलीत घालून खाली आलो. बायकोनं पत्र्याची खोली मागून घेतली, पंखा बंद ठेवला आणि मांजरीला घेऊन आत बसली. भावाची बायको मला येऊन म्हणाली, "भाऊजी, ताईंना सांगा काहीतरी. आपल्यालाच आत उभं राहवंना, त्या मुक्या जिवाचं काय व्हत असंल?"

एका दुपारी मी दार ढकलून आत गेलो. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. बायको घामानं निथळत शेजारी बसून होती. मी मांजर उचलली, मोरीत नेली, ओल्या फडक्यानं पुसली. ती हळूहळू पाणी प्यायला लागली तेव्हा मी बायकोला म्हटलं, "ही पूर्वीसारखी व्हायची नाही. थंडीचं आहेच, पण वय वाढेल तशीही या जातीची मांजर गडद होत जाते. पुण्यात असती तरी झाली असती."

"आदी का न्हाई सांगितलं?"

"तुला करायला काहीतरी होतं. म्हणून."

ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "काळी झाली त्याचं न्हाई वो. ही म्हातारी व्हायलीय. आपली पोर हाय तितकीच राहिली."

मी फडकं पुन्हा ओलं करून मांजरीच्या पाठीवरून फिरवलं. 

त्यानंतर तिनं मांजरीला हात लावला नाही. लाथाडलं नाही, हाकललं नाही. नुसतं बघणं सोडलं. मांजर सवयीनं मांडीवर चढायला जायची, तर ही उठून दुसरीकडे बसायची. शाळा उघडायची वेळ झाली तेव्हा मी टोपली काढली. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला हितंच." भावजय म्हणाली, "राहू दे की, आम्हाला जड न्हाई." आम्ही दोघंच वर आलो.

भाऊ कधीकधी फोनवर सांगतो. मांजर आता सगळी तपकिरी झाली आहे, कांदे साठवायच्या चाळीत उंदीर धरते. मी हे बायकोच्या कानावर घालतो. ती "बरं" म्हणते आणि पीठ मळत राहते. तिच्या फोनमधला तो फोटो आता ती उघडत नाही. मी माझ्या फोनवर उघडून बघतो, तर मलाही मुलीचा चेहरा आधी दिसत नाही, मांजरीचा रंग दिसतो.

नववीचा तो धडा मी यंदाही शिकवला. मुलं वाटाण्यांच्या चौकटी भरत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, आई-बाप दोघं चांगले असले तर मूल चांगलंच जगतं ना?" मी म्हटलं, "पुढची चौकट भरा," आणि फळा पुसायला वळलो.