दार म्हणालं, तू कोण?

आमच्याच घराच्या दारानं मला आत घ्यायला नकार दिला, त्या सकाळी मी नुकतीच मिशी काढली होती.

दार जुनंच, सागवानी. कुलूप मात्र नवं. समोर उभं राहायचं, ते चेहरा बघतं आणि उघडतं. (घरचा कर्ता म्हणून मी फक्त माझाच चेहरा त्यात भरला होता!) आमचे वडील, अण्णा, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी कुलपाला शत्रूच्या चौकीसारखं न्याहाळलं.

"दत्ता, काढ ते. पलटणीत आमाला पिच्चर दावला हुता, पुढच्या काळाचा. माणसं चांदीची कापडं घालून जेवणाऐवजी गोळ्या खात्यात, गाड्या आभाळात उडत्यात, आन् दार मालकालाच इचारतंय, तू कोण रं?"

"आवं अण्णा, कुठं उडत्यात गाड्या? आपली एसटी अजून चढाला धापा टाकती!"

"गाड्यांचं चुकलं आसंल. दाराचा भरवसा न्हाई."

त्या दिवसापासून अण्णा कुलपासमोरून जाताना तोंडावर टॉवेल धरू लागले. "माझं थोबाड त्याला गावाय नगं!"

रविवारी आमच्या पूजाला बघायला विट्याचे पाहुणे येणार होते. मुलाच्या वडिलांचं परराज्यात सोनं गाळायचं दुकान. मोठी माणसं! म्हणून बायको म्हणाली, "ती पांढरी मिशी तेवढी काढा." काढली. बाहेर हॉर्न वाजला, तसे आम्ही सगळे फाटकाकडं धावलो. गाडी दुसऱ्याचीच निघाली. मागं वाऱ्यानं दार धाडकन बंद!

मी ऐटीत समोर उभा राहिलो.

"चेहरा पहचाना नहीं गया."

हसून बघितलं. रागावून बघितलं. हात जोडले. नाही म्हणजे नाही! फोन आत, किल्ली आत, मागच्या दाराला आतून कडी आणि गॅसवर दूध!

"बघ! इचारलं का न्हाई?" अण्णांना इतका आनंद पेन्शन वाढल्यावरही झाला नव्हता.

"पप्पा, हलू नका," म्हणत पूजानं काजळाच्या पेन्सिलीनं मला मिशी काढली. दार तरीही ढिम्म! तेवढ्यात खरे पाहुणे आले. पाहुण्यांनी मिशीकडं बघितलं, बंद दाराकडं बघितलं.

"घर तुमचंच हाय न्हवं?"

"व्हय की!"

"मग बाहेर का उभं?"

आतून दूध करपल्याचा वास आला. आता इज्जत गेली तरी चालेल, घर वाचलं पाहिजे! मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चढलो आणि पोटापाशी अडकलो. अण्णांनी "एक, दो, तीन!" म्हणत मागून असा रेटा दिला, की मी थेट भांड्यांच्या मांडणीवर! गॅस बंद केला, दार उघडलं आणि काजळ पुसत म्हणालो, "या, बसा."

पाहुणे बराच वेळ कुजबुजले. शेवटी मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय."

बायकोनं देवाला हात जोडले. मीही डोळे पुसले.

"पर पाव्हणं, एक अट हाय," ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले. "आमचा धंदा सोन्याचा. तुमी आमच्या घरी येताना दारातनंच या, आन् आधी फोन करून या!"